३८३चं बजेट: इंजिन-बांधणीचे लेख संशोधकाच्या नजरेने

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनियर्सना मी हल्ली एक भलतंच वाचन सुचवते: अमेरिकन हॉट-रॉड मासिकांतले स्ट्रोकर इंजिन बांधण्याचे लेख. "मॅडम, आमचा विषय नॅनोमटेरियल्स आहे," असं उत्तर येतं. असू द्या. कमी पैशात, ठरावीक वेळेत, एकमेकांवर अवलंबून असलेल्या वीस-पंचवीस निर्णयांची साखळी कशी आखायची आणि त्यातून एक मोजता येण्यासारखा निकाल कसा काढायचा, याची इतकी उघडी-वाघडी नोंद मला आपल्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकांत सापडलेली नाही. आणि तोच निकाल किती सहज फुगवता येतो, हेही याच लेखांत सगळ्यात स्वच्छ दिसतं. म्हणून ही पोस्ट शिफारस आहे आणि तक्रारही आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. शेव्हरोलेचं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिन १९५५ साली २६५ घन इंचाचं म्हणून आलं. पुढे त्याच घराण्यात १९६७ मध्ये ३५० आणि १९७० मध्ये ४०० आलं. ३५०चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.००० इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरपासून खालपर्यंत जे अंतर कापतो ते, ३.४८ इंच. ४००चा बोअर ४.१२५ आणि स्ट्रोक ३.७५. केव्हातरी कुणाच्या तरी लक्षात आलं की ४००चा क्रँकशाफ्ट ३५०च्या ब्लॉकमध्ये बसवता येतो. फक्त त्याचे मेन जर्नल २.६५ इंचांचे आहेत, ते घासून २.४५ वर आणावे लागतात. जोडीला झिजलेला ब्लॉक तीस थाऊ बोअर करायचा (आपल्याकडचे लेथवालेही 'थाऊ'च म्हणतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग), की बोअर होतो ४.०३०. आता व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले आठ. उत्तर येतं ३८२.७. हेच ते प्रसिद्ध '३८३'.

या इंजिनावर किती लेख छापले गेले असतील याची गणती नाही. 'हॉट रॉड' १९४८पासून निघतंय. 'कार क्राफ्ट' आणि 'पॉप्युलर हॉट रॉडिंग' ही बरोबरीची मासिकं, दोन्हींच्या छापील आवृत्त्या आता बंद झाल्या आहेत. पण 'बजेट ३८३' हा त्यांचा, आपल्याकडच्या दिवाळी अंकातल्या राशिभविष्यासारखा, हमखास मजकूर. लेखाचा साचाही ठरलेला. जुना ब्लॉक दाखवायचा, सुटे भाग टेबलावर मांडून फोटो, मग जुळणीचे फोटो, शेवटी डायनोमीटरवरचा आलेख, आणि एका चौकटीत खर्चाची यादी. प्रश्न, साहित्य, पद्धत, निकाल, बजेट. ओळखीचं वाटतंय ना?

यातलं जे चांगलं आहे त्याच्यावर आधी थांबू, कारण आपण बहुतेक तिथेच कमी पडतो.

स्ट्रोकर बांधणारा माणूस एका समीकरणापुढे उभा असतो आणि ते समीकरण कुणालाच सूट देत नाही. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतचं अंतर या घराण्यात ९.०२५ इंच. त्या अंतरात तीन गोष्टी एकावर एक बसवायच्या: अर्धा स्ट्रोक, कनेक्टिंग रॉडची लांबी, आणि पिस्टनच्या पिनपासून त्याच्या माथ्यापर्यंतची उंची. मूळ ३५०मध्ये १.७४ अधिक ५.७ अधिक १.५६, म्हणजे ९.००. पिस्टन ब्लॉकच्या माथ्याच्या पंचवीस थाऊ खाली थांबतो. आता फक्त क्रँक बदला. अर्धा स्ट्रोक झाला १.८७५. बेरीज ९.१३५. पिस्टन ब्लॉकच्या बाहेर एकशे दहा थाऊ डोकं काढणार, म्हणजे सरळ सिलिंडर हेडवर आदळणार. एक चल बदलला की दुसऱ्या कशाला तरी जागा द्यावीच लागते.

यावर दोन उत्तरं निघाली, आणि दोन्हींमागे पैशाचा विचार आहे. पहिलं गरिबाचं: ४००चाच आखूड रॉड घ्या, ५.५६५ इंचांचा. १.८७५ अधिक ५.५६५ अधिक १.५६, पुन्हा बरोबर ९.००. म्हणजे ३५०चे साधे, स्वस्त पिस्टन जसेच्या तसे चालले. किंमत कुठे मोजली? रॉड आखूड झाला की तो जास्त तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त रेटला जातो. दुसरं उत्तर: ५.७चाच रॉड ठेवा, पण पिनची उंची १.४२५ असलेला खास पिस्टन घ्या. आज असे पिस्टन सर्रास मिळतात. एके काळी ते महाग होते, म्हणून पहिलं उत्तर चालायचं. लक्षात घ्या, इथे 'योग्य' उत्तर भौतिकशास्त्राने एकट्याने ठरवलेलं नाही. बाजारात त्या साली काय स्वस्त होतं त्यानेही ठरवलं. तुमच्या प्रबंधात 'आम्ही ही पद्धत निवडली' असं लिहिताना तिच्यामागे भौतिकशास्त्र किती आणि डिपार्टमेंटला कोणतं यंत्र आहे हे किती, याचा असाच हिशेब असतो. मासिकातला मेकॅनिक तो सांगून टाकतो. आपण 'साहित्य-समीक्षेच्या आधारे' म्हणतो.

साखळी इथे थांबत नाही, आणि माझ्या मते या लेखांचा खरा गाभा पुढचाच आहे. कॉम्प्रेशन रेशो घ्या. ३८३च्या एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ७८४ सीसी. पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा म्हणजे हेडमधली पोकळी, गॅस्केटची जाडी, पिस्टन आणि ब्लॉकच्या माथ्यातलं अंतर आणि पिस्टनवरचे व्हॉल्व्हसाठीचे खळगे. समजा हेड ६४ सीसीचं, गॅस्केट ४१ थाऊ जाड (सुमारे ८.९ सीसी), वर सांगितलेले पंचवीस थाऊ (सुमारे ५.२ सीसी) आणि खळगे ५ सीसी. बेरीज ८३.१. रेशो आला १०.४. नुसतं तीस थाऊ बोअर केलेलं, जुन्याच स्ट्रोकचं इंजिन (त्याला ३५५ म्हणतात) असतं तर याच हेडवर तो ९.७५ आला असता. म्हणजे स्ट्रोक वाढवताना तुम्ही न विचारता कॉम्प्रेशनही वाढवलंत.

आता कुणीतरी शहाणा सांगतो की पिस्टन आणि हेड यांच्यातली फट फार मोठी आहे, ४१ आणि २५ मिळून ६६ थाऊ, ती चाळीसच्या आसपास हवी. मिश्रण नीट ढवळलं जातं, आपोआप भडका उडायची शक्यता कमी होते. सल्ला बरोबर आहे. मग ब्लॉकचा माथा पंचवीस थाऊ घासून घ्या. फट ४१ झाली. पण उरलेली जागाही ५.२ सीसीने घटली आणि रेशो पोहोचला ११च्या वर. लोखंडी हेड आणि पंपावरचं साधं पेट्रोल या जोडीला ११ म्हणजे डोकेदुखी. नॉकिंग टाळण्यासाठी केलेल्या कामानेच नॉकिंगला आवतण दिलं! आता उपाय एकच: खोलगट पिस्टन. १८ सीसीचा खोलगा धरा, रेशो येतो ९.६. छान. फक्त पिस्टन दोन महिन्यांपूर्वीच विकत घेऊन झालेले आहेत.

हा परिच्छेद पुन्हा वाचा आणि 'पिस्टन'च्या जागी तुमचा प्रिकर्सर, तुमचा डिटेक्टर, तुमची प्रश्नावली ठेवून बघा. चांगल्या लेखांत म्हणूनच खरेदीचा क्रम किमतीप्रमाणे नसतो, अवलंबित्वाप्रमाणे असतो. ब्लॉकला तडे आहेत का हे आधी तपासायचं, सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजायची, त्यानंतरच पहिला रुपया (डॉलर म्हणा) खर्च करायचा. पिस्टन हातात आल्यावर त्यांचं माप घेऊन मगच शेवटचं होनिंग. क्रँक मोजल्याशिवाय बेअरिंग नाही. हेड गॅस्केट तर अगदी शेवटी, कारण तीच एक स्वस्त वस्तू आहे जिची जाडी बदलून आधीच्या सगळ्या चुका थोड्याशा सावरता येतात. स्वस्त आणि बदलता येणारी गोष्ट शेवटपर्यंत मोकळी ठेवणं. या एका वाक्यासाठी मी अख्खी कार्यशाळा सहन केली असती.

आणि जुळणीच्या आधी एक कोरडी जुळणी असते. सगळं तात्पुरतं बसवायचं आणि हाताने फिरवून बघायचं. वाढलेल्या स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या तळाच्या कडेला घासतात का? वर कॅमशाफ्टला लागतात का? कॅमपाशी निदान पन्नास-साठ थाऊ मोकळे हवेत. जिथे लागेल तिथे ब्लॉक ग्राइंडरने थोडा कोरायचा. पिस्टनवर मळलेली चिकणमाती थापून हेड बसवायचं, एक फेरा फिरवायचा, उघडून माती कापायची आणि व्हॉल्व्हपाशी उरलेली जाडी मोजायची. पायलट स्टडी यापेक्षा सुंदर समजावता येईल असं मला वाटत नाही. मातीला पैसे पडत नाहीत, आणि वाकलेला व्हॉल्व्ह पिस्टनसकट खर्चात घेऊन जातो.

आता तक्रार.

खर्चाच्या चौकटीपासून सुरू करू, कारण वाचक तीच आधी बघतो आणि तीच सगळ्यात कमी खरी असते. पहिली ओळ बघा: 'ब्लॉक: आमच्याकडे होता.' शून्य. क्रँक, रॉड, पिस्टन हा संच कॅटलॉगमधल्या किमतीने. हेड, कॅम, मॅनिफोल्ड, तेही कॅटलॉगमधून. मग 'मशीन शॉप' अशी एकच गोल ओळ. पण त्या एका ओळीत काय काय दडलंय बघा: ब्लॉक धुणं, तडे तपासणं, बोअरिंग, प्लेट आवळून होनिंग, माथा घासणं, मेन बेअरिंगची रांग सरळ करणं, नवीन कॅम बेअरिंग ठोकणं, आणि बॅलन्सिंग. यातलं बॅलन्सिंग तर स्वतंत्र कथा आहे. ४००चा मूळ क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, त्यामुळे त्याला ४००चाच डँपर आणि ४००चंच फ्लायव्हील लागतं. आतूनच बॅलन्स करायचं ठरवलं तर क्रँकच्या वजनांत जड धातू ठोकावा लागू शकतो आणि तो धातू स्वस्त नाही. शिवाय ब्लॉक १९८६च्या आधीचा की नंतरचा यावर मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं की एकसंध हे ठरतं, आणि त्यावरून क्रँक कोणता चालेल हेही. चौकटीत यातलं काहीच नसतं. नट-बोल्ट, गॅस्केट सेट, फ्रीझ प्लग, जुळणीचं वंगण, पहिलं तेल आणि फिल्टर हेही बऱ्याचदा 'इतर' मध्ये. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये 'बोअर-पिस्टनचं काम' सांगितलेल्या आकड्यात कधी मिटलंय का, ते घरी विचारा.

मजुरी शून्य. डायनोमीटरचं भाडं शून्य, कारण मासिकाची तिथे ओळख असते. आणि काही भाग जाहिरातदारांनी दिलेले असतात. ते कॅटलॉगच्या किमतीने धरले तरी प्रश्न सुटत नाही, कारण 'हा भाग का निवडला' याचं उत्तर मग बदललेलं असतं. लेखात निवडीचं कारण तांत्रिक लिहिलेलं असतं. हितसंबंध जाहीर करा, असं आपल्याला जर्नल सांगतात ते याचसाठी.

सगळ्यात मोठी गळती मात्र इंजिनाच्या बाहेर आहे. टॉर्क वाढला की जुना क्लच घसरतो, जुना गिअरबॉक्स कुरकुरतो, मागचा ॲक्सल आवाज करू लागतो, रेडिएटर पुरत नाही. लेख डायनोवर संपतो, माणसाला मात्र गाडी चालवायची असते. तुमच्या प्रस्तावातही हे तंतोतंत होतं. उपकरणाची किंमत कोटेशनसकट लिहिलेली, पण नमुन्यांचं मोजमाप दुसऱ्या संस्थेत, तिथे जायचा खर्च, तिथली रांग, द्रव नायट्रोजन, जीएसटी, आणि सॅम्पल खराब झाला तर दुसरी फेरी, हे सगळं 'आकस्मिक खर्च' या एका ओळीत कोंबलेलं. जेआरएफ आज ३७,००० रुपये आहे. यूजीसीच्या योजनेत विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्च वर्षाला १२,००० रुपये, पुढे २५,०००. या रकमेत मशीन शॉपचं सगळं बिल बसवायचं आहे, हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडलेलं बरं. दोन वर्षांनी एसआरएफच्या मूल्यमापनाला बसताना 'पिस्टन आधीच घेतले होते' हे समितीला सांगता येत नाही.

निकालाकडे येऊ. लेखाच्या शीर्षकात एकच आकडा असतो: कमाल हॉर्सपॉवर. त्या आकड्याची तीन प्रश्नांनी उलटतपासणी करा.

कोणत्या हवेत मोजली? इंजिन हवा पिऊन चालतं, म्हणून मोजमाप एका प्रमाण हवामानावर आणून लिहितात. जुना 'एसटीपी' प्रघात ६० अंश फॅरनहाइट आणि २९.९२ इंच पारा धरतो. नंतरचा एसएई जे-१३४९ हा ७७ अंश आणि २९.२३ इंच. थंड आणि दाट हवा धरली की आकडा फुगतो, साधारण चार टक्क्यांनी. म्हणजे एकाच दिवशी, एकाच इंजिनाचे, एका पद्धतीने ४५० आणि दुसरीने ४६८. दोन्ही प्रामाणिक. पण एका मासिकातले ४६८ दुसऱ्यातल्या ४५०शी ताडून पाहिले की तुम्ही निव्वळ हवामानाची तुलना करत बसता. आणि नवीन एक्झॉस्टने दहा हॉर्सपॉवर वाढले, असं पुढच्या पानावर लिहिलेलं असतं. तो फायदा या फरकाच्या निम्म्याहून थोडाच जास्त आहे.

इंजिनाला काय काय जोडलेलं होतं? डायनोच्या खोलीत अल्टरनेटर नाही, पंखा नाही, पाण्याचा पंप विजेवर, एअर फिल्टर बहुधा नाही, एक्झॉस्ट मोकळा. अमेरिकन कंपन्या स्वतःसुद्धा १९७१पर्यंत असेच 'ग्रॉस' आकडे जाहिरातीत देत. १९७२च्या मॉडेलपासून सरसकट 'नेट' आकडे आले आणि अनेक इंजिनं कागदावर एका रात्रीत अशक्त झाली. (उत्सर्जनाच्या नियमांसाठी कॉम्प्रेशनही त्याच सुमारास घटवलं गेलं होतं, त्यामुळे सगळं खापर मोजपट्टीवर फोडू नका.)

आणि तिसरा, माझा आवडता: तुलना कशाशी केली? बहुतेक लेखांत कशाशीच नाही. जुनं इंजिन थकलेलं होतं, ते डायनोवर चढवलंच नाही. नवीन इंजिनात स्ट्रोक नवीन, हेड नवीन, कॅम नवीन, कार्ब्युरेटर नवीन. आणि निष्कर्ष काय, तर 'स्ट्रोकर करा, पॉवर वाढेल.' चार चल एकदम हलवून श्रेय एकालाच. तेही सगळ्यात चुकीच्या एकाला! कारण कमाल पॉवर ठरते इंजिन किती हवा आत ओढू शकतं यावर, आणि तो मार्ग हेडमधून जातो. हेड तेच ठेवून ३५५चं ३८३ केलंत, तर ढोबळ हिशेबाने हेडची मर्यादा तेवढीच राहते, फक्त ती लवकर गाठली जाते. ३५५ला कमाल पॉवर ६,००० आरपीएमला येत असेल, तर ३८३ला ती ५,५५०च्या आसपास येईल आणि आकडा फारसा हलणार नाही. वाढतो तो टॉर्क, आणि तोही खालच्या आणि मधल्या आरपीएमला. रस्त्यावर चालवायला नेमकं तेच हवं असतं! म्हणजे स्ट्रोकरचा खरा गुण लेखाच्या शीर्षकात नसतोच. शीर्षकातला आकडा हेडने कमावलेला असतो.

वर जाण्याची दुसरी किंमतही कुणी मांडत नाही. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे दोन गुणिले स्ट्रोक गुणिले फेरे. ६,००० आरपीएमला जुना स्ट्रोक सेकंदाला १७.७ मीटर देतो, नवा १९. रॉड आणि बोल्ट यांच्यावरचा ताण त्याहून भराभर वाढतो. तेव्हा ज्या वाचकाला ७,००० आरपीएमपर्यंत कण्हत जाणारं इंजिन हवंय त्याला स्ट्रोकर सुचवणं हा वाईट सल्ला आहे, आणि ज्याला ट्रक ओढायचाय त्याला तोच चांगला. लेखात हा पहिला प्रश्न, 'हे इंजिन कशासाठी?', एका वाक्यात उरकतात, 'स्ट्रीट आणि स्ट्रिप दोन्हींसाठी' म्हणून. सिनॉप्सिसमधल्या 'या संशोधनाचा समाजाला उपयोग होईल' या वाक्याचा हा सख्खा भाऊ.

फसलेली इंजिनं छापली जात नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बेअरिंग फिरलं, पिस्टन वितळला, तो लेख नाही. त्यामुळे शंभर लेख वाचूनही किती टक्के ३८३ टिकतात हे कळत नाही. मेटा-ॲनालिसिस करणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे.

सगळेच असं करतात असं मात्र नाही. डेव्हिड व्हिझार्ड हा मूळचा ब्रिटिश लेखक. स्मॉल ब्लॉक शेव्ही कमी खर्चात कसं बांधावं यावर त्याचं पुस्तक आहे. त्याचा जोर सुरुवातीपासून हवेच्या प्रवाहावर असतो. कॅमच्या दोन लोबमधला कोन निवडायला त्याचं एक अनुभवजन्य सूत्र आहे: एका सिलिंडरचे घन इंच भागिले इनटेक व्हॉल्व्हचा व्यास, गुणिले ०.९१, ते १२८ मधून वजा. २.०२ इंचांच्या व्हॉल्व्हवर मूळ ३५०ला उत्तर येतं सुमारे १०८ अंश, ३८३ला साडेएकशे सहा. म्हणजे स्ट्रोक वाढवला की कॅमही बदलायला हवा, हे सूत्र आकड्यात सांगतं. या सूत्रामागे विदा किती, त्रुटीची मर्यादा किती, हे मला जर्नलच्या पद्धतीने बघायला आवडलं असतं. पण निदान इथे खोटं ठरवता येईल असं विधान आहे, 'मोठा कॅम लावा' नाही.

'पॉप्युलर हॉट रॉडिंग'नेच २००२ मध्ये 'इंजिन मास्टर्स चॅलेंज' ही स्पर्धा सुरू केली आणि माझ्या मते मासिकांच्या सगळ्या लेखांपेक्षा तिचे नियम जास्त शिकवतात. कमाल आकड्याला बक्षीस नाही. ठरलेल्या आरपीएमच्या पट्ट्यातल्या टॉर्क आणि हॉर्सपॉवरच्या सरासरीवर गुण. पुढे त्याला इंजिनाच्या आकारमानाने भागलं जाऊ लागलं. त्या एका भागाकाराने स्ट्रोकरचा फुकटचा फायदा काढून घेतला. मोजपट्टी बदलली की लोक वेगळी इंजिनं बांधतात. तुमच्या क्षेत्रातली मोजपट्टी, मग ती एफिशियन्सी असो वा ॲक्युरसी, कुणाला फुकटचे गुण देते ते शोधून बघा. बऱ्याचदा प्रबंधाचा विषय तिथेच सापडतो.

त्याच नावाचा 'इंजिन मास्टर्स' हा कार्यक्रम डेव्हिड फ्रायबर्गर, स्टीव्ह डल्सिच आणि स्टीव्ह ब्रुले करत असत. एक इंजिन, एक डायनो, एकावेळी एक बदल. तेल-पाण्याचं तापमान जुळवून पुन्हा मोजणं. कधी फरक नगण्य निघतो आणि तो भागही दाखवला जातो. तिघं आधी अंदाज बांधतात, तोही कॅमेऱ्यासमोर, आणि चुकतात. पूर्वनोंदणीचा इतका हसतखेळत नमुना दुसरा नाही. उणीव एवढीच की इंजिन एकच असतं; त्या ब्लॉकवर खरं ठरलेलं दुसऱ्यावर ठरेलच असं नाही, आणि हे वाक्य ते क्वचित म्हणतात.

तेव्हा एखादा 'बजेट ३८३' लेख उघडा आणि खर्चाच्या चौकटीवर कागद ठेवून झाका. आधी स्वतः यादी करा, कोणती वस्तू कोणत्या मोजमापानंतरच घेता येईल अशा बाणांसकट, मग कागद काढा. आणि गृहपाठ म्हणून: ४००चाच ब्लॉक तीस थाऊ बोअर केला, बोअर ४.१५५ झाला, स्ट्रोक तोच ३.७५. घन इंच किती? आता त्याच ब्लॉकमध्ये ३५०चा ३.४८ स्ट्रोक घालून पुन्हा काढा. पहिल्या उत्तराला बाजारात ४०६ म्हणतात, दुसऱ्याला ३७७. या दोनांपैकी स्ट्रोकर कोणतं, आणि ६४ सीसीच्याच हेडवर कोणाचं कॉम्प्रेशन आधी हाताबाहेर जाईल, ते कमेंटमध्ये गणितासकट लिहा. नुसतं उत्तर नको.